एक गडी कमी

फिलोमेनो सुमालिनोगला कानलांबो गावात फिलोमेनो म्हणणारी माणसं दोनच. एक चर्चचा पाद्री आणि दुसरी फिलोमेनोची बायको सुलिंग, तीही तिचं डोकं फिरलं असेल तेव्हाच. बाकी लहानथोर सगळ्यांना तो ‘कुलांग’. कुलांग म्हणजे आमच्याकडे कमी, उणं, अपुरं. रश्श्यात मीठ कमी पडलं तरी कुलांग, आणि डोक्यात शहाणपण कमी पडलं तरी कुलांगच. असलं नाव माणसाला उगाच चिकटत नाही.

त्याची खोडच तशी होती. चार माणसं जमली की हा मोजायला लागणार. जीपनीत माणसं दाटीवाटीने एकमेकांच्या मांडीवर बसलेली, टपावर कोंबड्या बांधलेल्या, ड्रायव्हर घामाघूम, आणि हा विचारणार, “सगळे आले ना? कोण राहिलं?” बाप्तिस्म्याला गेला तर पाद्र्याने पाण्यात हात घालायच्या आधी याचा प्रश्न, “धर्मपिते सगळे हजर आहेत का?” एकदा पत्त्यांच्या अड्ड्यावर त्याने पानं मोजली आणि एक एक्का कमी भरला. तो एक्का गावच्या मुखियाच्या बाहीत निघाला. तेव्हापासून त्याला पत्त्यांना कुणी बोलवत नाही.

पण नाव पडलं ते या खोडीमुळे नव्हे. तरुणपणी तो एका मोठ्या बोटीवर मेट होता. मेट म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी. कॅप्टन झोपला, जेवला, किनाऱ्यावर उतरला की जहाज मेटच्या हाती. त्या दिवशी बोट लांब मिंदानाओला निघायची होती आणि दुसरा मेट आलाच नव्हता. बहिणीच्या लग्नाला गेला होता, तो तिकडेच माडी पिऊन पडला. आता नियम म्हणजे नियम. त्या पल्ल्याला कॅप्टन आणि दोन मेट असल्याशिवाय दोर सोडायचा नाही. कारण एक जागा राहतो, तेव्हा दुसऱ्याला झोपावं लागतं, आणि झोप काय कुणाच्या बापाची नोकर आहे? पण कंपनीचा माणूस म्हणाला, “एका रात्रीचा तर प्रश्न! दोघं मिळून जागा की जरा.” कॅप्टनने मान डोलावली. फिलोमेनो म्हणाला, “कमी म्हणजे कमी,” आणि पिशवी उचलून सरळ धक्क्यावर जाऊन बसला. आधी एक कमी होता, तिथे दोन झाले. बोट जागची हलली नाही.

त्या रात्री वादळ उठलं असतं, तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण कसलं वादळ आणि कसलं काय! समुद्र असा गप्प पडला होता, की कढईतलं तेलसुद्धा त्याहून जास्त हललं असतं. कुणाचं लग्न हुकलं, कुणाची मासळी कुजली, कुणाचा झुंजीचा कोंबडा वाट बघून बघून मरगळला. ते लोक अजून विसरलेले नाहीत. फिलोमेनोची नोकरी गेली नाही, पण कॅप्टन व्हायची पाळी आली की दर वेळी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुढे यायचं. निवृत्त होईपर्यंत तो मेटचा मेटच राहिला. आणि नाव पडलं कुलांग.

त्याचा खरा ताप झाला तो पोरीला. एकुलती एक मारिवेल. शाळेत पोरं तिला ‘कुलांगची पोर’ म्हणून चिडवायची. एकाचा पुढचा दात तिने पाडला आणि म्हणाली, “घे, आता तूही कुलांग!” घरी बोलणी खाल्ली ती आईकडून. बाप आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होता.

ही पोर पुढे जहाजावरच गेली. परदेशी बोटींवर वर्षानुवर्षं काढली, पायरी पायरीने परीक्षा दिल्या आणि गेल्या नाताळाच्या सुमाराला कॅप्टन होऊन घरी परतली. सेबू शहरातल्या एका बोटमालकाने तिला ‘एस्त्रेया’ दिली. छोटी बोट. सकाळी आमच्या बेटावरून सेबूला जायचं आणि संध्याकाळी परतायचं. पण मालक पक्का व्यापारी. म्हणाला, “तुमच्या गावच्या संताच्या, सान व्हिसेंतेच्या सणापर्यंत चालवून दाखव. एक फेरी चुकली नाही तर बोट तुझी. चुकली तर दुसरा कॅप्टन तयार आहे.”

गावाला कोण आनंद झाला! आमच्या बेटावरची पहिली बाई कॅप्टन! नाताळच्या जेवणाला सुमालिनोगांच्या अंगणात सगळं गोत जमलं. आणि नेमकं तेव्हाच फिलोमेनोचं पोट दुखायला लागलं. जेवणाने नव्हे हो, मत्सराने. आपल्याला जन्मभर जी टोपी मिळाली नाही, ती पोरीच्या डोक्यावर बघून त्याचा ऊर भरून आला होता आणि जळतही होता. त्यात माडी पोटात. कुणीतरी म्हणालं, “काय कुलांग, आता तरी तुझं गणित पुरं झालं ना?” आणि हा बोलून गेला, “कसलं पुरं? कॅप्टन झाली खरी, पण त्या बोटीवर एक गडी कमीच आहे!”

सगळे खो खो हसले. मारिवेल हसली नाही. ताटलीत चमचा ठेवून ती उठली आणि निघून गेली. त्यानंतर ती घरी यायची, आईशी बोलायची, तांदळाची गोण ठेवायची, पण बापाचा हात घेऊन कपाळाला लावायची नाही. आमच्याकडे लेकराने उंबऱ्यात पाय ठेवला की आधी वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावायचा, मग बाकीचं. तेवढं सोडलं तर सगळं ठीक होतं. पण तेवढं सोडलं की उरतं काय? फिलोमेनो रोज ती यायच्या वेळी हात धुऊन, पुसून बसायचा. ती गेली की तोच हात खिशात घालून मागच्या दारी जायचा.

“माफी माग तिची,” सुलिंग म्हणायची.

“मी? बाप आहे मी तिचा!”

“म्हणूनच माग. शेजारी असतास तर कोण विचारत होतं तुला?”

पण नाही. सुंभ जळेल, पीळ जाईल तर शपथ.

आणि मग सणाच्या आदल्या दिवशी सकाळी ते डुकराचं प्रकरण झालं.

एस्त्रेयाचा मेट होता रेनांते नावाचा एक गोल गरगरीत, हसतमुख माणूस. बोट छोटी, पल्ला छोटा, म्हणून तिच्यावर कॅप्टन आणि एकच मेट, एवढेच अधिकारी पुरे. खाली इंजिनाचे दोघे होते, ते वेगळे. रेनांतेने सणासाठी डुक्कर पाळलं होतं. लेचोन म्हणजे अख्खं डुक्कर भाजायचं. ज्या सकाळी सळईवर चढवायचं, त्याच सकाळी ते दावं तोडून सुटलं. रेनांते मागे धावला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर पट्ट्या, आणि पुढे डुक्कर. गावाने असा देखावा आधी कधी बघितला नव्हता. केळीच्या बागेतल्या चिखलात त्याचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड कडकन मोडलं. डुक्कर अजून सापडलेलं नाही.

इकडे धक्क्यावर एस्त्रेया भरलेली. एप्रिलचं ऊन चढत होतं. मासळीच्या पेट्यांतला बर्फ वितळत होता आणि मासळीवाल्या बायका तटरक्षक दलाच्या जोव्हेनला शिव्या घालत होत्या. जोव्हेनचं म्हणणं साधं होतं, “मेट दाखवा आणि जा. दुपारपर्यंत थांबतो, मग फेरी रद्द.” तिकडे सेबूच्या धक्क्यावर सणाला घरी यायला निघालेलं अर्धं गाव याच बोटीची वाट बघत उभं असणार होतं. पोरंबाळं, बँडवाले, सान व्हिसेंतेच्या मूर्तीची नवी शाल, सगळं तिकडे. फेरी रद्द झाली की सण गेला. आणि मारिवेलची बोट गेली.

अख्ख्या बेटावर मेटचा चालू परवाना असलेला माणूस आता एकच होता. निवृत्त होऊनही तो कुलांग दर खेपेला सेबूला जायचा, डॉक्टरपुढे छाती फुगवायचा, परवाना नवा करून आणायचा. सुलिंग म्हणायची, “कोण बोलावणार आहे तुला? समुद्रातले मासे?” तो म्हणायचा, “असू दे गं. कुणी कमी पडलं तर?”

पहिला आला बुर्सियो. हा मालकाचा बेटावरचा माणूस. तेलकट केस, तेलकट बोलणं. त्याला बघून फिलोमेनो खिडकीपासून दूर झाला आणि दाण्यांचं भांडं घेऊन अंगणात कोंबड्यांपाशी गेला, जणू धक्क्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. सकाळपासून तो खिडकीतून हललाही नव्हता, हे सुलिंगला माहीत होतं.

“नोंग मिनोंग, देवासारखे भेटलात!” बुर्सियो म्हणाला. आज तो कुलांग म्हणाला नाही, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं नोंग म्हणाला, आणि वर फिलोमेनोचं लाडाचं मिनोंग. अडला हरी! “कॅप्टनसाहेबांनी निरोप दिलाय. मेट सुमालिनोग मोकळे असतील, तर त्यांनी यावं.”

“काय म्हणाली?”

“मेट सुमालिनोग मोकळे—”

“मेट सुमालिनोग?” फिलोमेनोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तातय म्हणाली नाही? बाप म्हणाली नाही?”

“ते काही... नाही म्हणाल्या बुवा.”

“मग सांग तिला, मेट सुमालिनोग मोकळे नाहीत. मेट सुमालिनोग कोंबड्यांना दाणे टाकतायत. गरज आहे ना तिला? मग स्वतः यावं. हा काय धक्का, दिसतोय इथून. एक विडी संपायच्या आत माणूस चालत येतो. यावं, रीतीने हात कपाळाला लावावा आणि सांगावं. मी काय नाही म्हणतोय?”

बुर्सियो घाम पुसत गेला. आत सुलिंगने इस्त्रीत कोळसे घातले होते आणि ती कपाटातला पांढरा सदरा काढत होती.

“ते कशाला काढतेस?” फिलोमेनो ओरडला.

“कसर लागेल म्हणून. तू तुझं दाणे टाक ना!”

बुर्सियो परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. “कॅप्टन म्हणतात, येऊ शकत नाही.”

“ऐकलंस?” फिलोमेनो बायकोकडे वळला. त्याचा आवाज चढला आणि मधेच फाटला. “ऐकलंस, सुलिंग? येऊ शकत नाही म्हणे! बापाच्या दारात यायला पाय मोडतात तिचे! मोडेल, पण वाकणार नाही!”

“कुणावर गेलीय?” सुलिंग म्हणाली आणि कॉलरवर पाणी शिंपडलं.

तेवढ्यात फटफटीच्या मागे बसून एस्त्रेयाचा स्वयंपाकी इंतोय धापा टाकत पोचला. ही बिचारी साधी वल्ली. पोटात काही ठेवायची नाही, ना अन्न ना गुपित. बुर्सियोकडे बोट दाखवून तो म्हणाला, “नोंग, या माणसाने मला रेनांतेचा सदरा घालायला लावला!”

“अरे, गप!” बुर्सियो म्हणाला.

“का गप? म्हणाला, पट्ट्या लाव, सुकाणूघरात उभा राहा, तोंड उघडू नकोस, झाला मेट! अहो, जोव्हेन रोज सकाळी माझ्या हातची पेज खातो, मला ओळखणार नाही? आणि तो सदरा! माझ्यासारखे दोघे मावतील त्यात. कॅप्टनने बघितलं मात्र. बापरे! पट्ट्या स्वतःच्या हाताने उपटल्या माझ्या. हा म्हणतो, कॅप्टन, एकाच फेरीचा तर प्रश्न, नाहीतर बोट जाईल तुमची. तर म्हणाली, जाऊ दे. कमी म्हणजे कमी.”

फिलोमेनोच्या हातातलं दाण्यांचं भांडं तसंच राहिलं.

“काय म्हणाली?”

“कमी म्हणजे कमी, म्हणाली. बोट गेली तरी चालेल, म्हणाली.”

कोंबड्या पायाशी घुटमळत होत्या.  फिलोमेनोला धक्क्यावरची ती जुनी दुपार आठवली असणार. पिशवीवर बसलेला आपण आणि भोवती शिव्या देणारे लोक. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं आणि कोंबड्यांवरच खेकसला. पण पाऊल काही उचललं नाही. “मग तर यायलाच हवं होतं तिने,” तो हळू आवाजात म्हणाला. “एवढं कळतं तिला, तर पाच मिनिटं येऊन जायला काय होतं?”

सुलिंगने इस्त्री खाली आपटली.

“फिलोमेनो!”

हे नाव ऐकल्यावर इंतोय आणि बुर्सियो दोघेही मागे सरकले.

“आयुष्यभर माझे कान खाल्लेस. प्रवासी चढले की कॅप्टनने जहाज मोकळं सोडायचं नाही, मेट शिडीपाशी उभा असेल तरच उतरायचं. जेवताना तेच, झोपताना तेच! पोरीला पाळण्यात अंगाईऐवजी तेच ऐकवलंस! आता मला सांग, मेट कुठाय?”

“रेनांते तर पाय मोडून...”

“मग बोट कुणाच्या हाती देऊन येईल रे ती?”

फिलोमेनोने दाण्यांचं भांडं खाली ठेवलं. अक्कल गहाण पडली होती माणसाची. सगळ्या दुनियेची माणसं मोजत हिंडणारा हा गडी आपल्याच पोरीची मोजायला विसरला होता. बोटीवर कॅप्टन आणि मेट, दोघंच. मेट नाही म्हणजे एकटी ती. मेट नाही म्हणून बापाला बोलवायचं, आणि मेट नाही म्हणूनच बापाला बोलवायला येता येत नाही. आली असती, तर हाच म्हणाला असता, बोट वाऱ्यावर सोडून आलीस? कॅप्टन आहेस की कोण?

“सदरा,” तो म्हणाला.

“गरम आहे अजून.”

“दे गं! अंगावर निवेल.”

तो फटफटीवर इंतोयच्या मागे बसला. बुर्सियोला चालत यावं लागलं. धक्क्यावर मासळीवाल्यांनी त्याला बघितलं आणि एकच गलका केला, “कुलांग आला रे! कुलांग आला!” त्या नावाने लोकांना आनंद झाल्याचं फिलोमेनोने जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

शिडीच्या तोंडाशी जोव्हेन उभा होता. “नोंग, परवाना.”

“अरे, तुझ्या बाप्तिस्म्याला होतो मी! ओल्या लंगोटात बघितलंय तुला!”

“तेव्हा परवाना मागितला नसेल, नोंग. आता मागतोय.”

फिलोमेनोला तो पोरगा एकदम आवडला. त्याने परवाना काढून दिला. जोव्हेनने तारीख बघितली, शिक्का बघितला, परत दिला आणि सलाम ठोकला.

सुकाणूघरात मारिवेल पाठमोरी उभी होती. पाऊल वाजलं तशी वळली. नाताळापासून दोघांनी एकमेकांकडे असं समोरासमोर बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. फिलोमेनोचा हात आपसूक थोडा पुढे झाला, मग त्यालाच उमगलं, की इथे हात पुढे करायचा नसतो. तो हात त्याने कपाळाशी नेला आणि सलाम केला.

“उशीर झाला, चीफ,” ती म्हणाली. बोटीवर मेटला चीफ म्हणायची रीत.

“इस्त्रीला वेळ लागला, कॅप्टन.”

तिच्या ओठाचा कोपरा हलला असावा. मग ती म्हणाली, “माणसं मोजा.”

अहो, हे म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखंच झालं! फिलोमेनोने बोटभर जागा सोडली नाही. इंजिनखोलीत उतरला, स्वयंपाकघरात डोकावला, दोरावरच्या खलाशांना नावाने हाका मारल्या, प्रवाशांत फिरला. परत येऊन ताठ उभा राहिला. “सगळे आहेत, कॅप्टन. कमी कोणी नाही.”

“दोर सोडा.”

भोंगा वाजला. मासळीवाल्या बायकांनी छातीवर क्रूस काढले आणि लगेच सुपारीचे डबे उघडले.

त्या प्रवासात फिलोमेनोने जेवढं गिळलं, तेवढं कधी जेवणातही गिळलं नसेल. सेबूच्या तोंडाशी बोटींची ही गर्दी. मोठ्या मालबोटी, मचवे, होड्या, मधूनच कुणी शहाणा जाळं टाकून बसलेला. मारिवेल सुकाणूवाल्याला शांतपणे सांगत होती, डावीकडे थोडं, बस, असंच. फिलोमेनोच्या जिभेवर दर वेळी तेच शब्द आधी यायचे आणि तो ते दाताखाली दाबायचा. एकदा एक पडाव अगदी आडवा आला, तेव्हा त्याने श्वासच रोखून धरला.

“काही म्हणायचंय, चीफ?” तिने मागे न बघता विचारलं.

“नाही, कॅप्टन.”

“मग आत्ता गिळलंत ते काय?”

“थुंकी, कॅप्टन.”

सुकाणूवाला फिसकन हसला. पडाव सावकाश बाजूने गेला. मी काय सांगू तुम्हाला, तिने बोट अशी नेली, जशी सुलिंग भरल्या घरातून उकळतं पातेलं नेते. फिलोमेनोने बघितलं आणि त्याच्या पोटातलं ते जुनं दुखणं तिथेच थांबलं. आपण कॅप्टन झालो असतो तर इतके चांगले झालो असतो का, असाही विचार त्याच्या मनात आला, आणि नवल म्हणजे त्या विचाराने त्याला बरं वाटलं.

सेबूच्या धक्क्यावर गाव लोटलं होतं. फिलोमेनो शिडीपाशी उभा राहून एकेकाला आत घेऊ लागला. बँडवाले चढले, ढोल चढला, मूर्तीची शाल चढली, केकचे डबे डोक्यावर घेतलेल्या मावश्या चढल्या. बोटीला जितकी माणसं चालतात तितकी झाली आणि त्याने हात आडवा केला. मागे एकच माणूस उरला होता. बुर्सियो. सकाळी तो याच बोटीने सेबूला आला होता, मालकाला तोंड दाखवायला.

“नोंग, मी! मी तर आपलाच!”

“जागा भरल्या. तुझी कुठाय?”

बुर्सियो कान खाजवायला लागला. त्याने आपली जागा बँडच्या तुतारीवाल्याला विकली होती, चढ्या भावाने.

“एका माणसाने काय होतं, नोंग?”

“कमी म्हणजे कमी,” फिलोमेनो म्हणाला, “आणि जास्त म्हणजे जास्त.” वरून सगळा बँड हसला. ढोलवाल्याने तर एक टोलाही हाणला. बुर्सियो दुसऱ्या दिवशीच्या बोटीने आला, तोवर गावातल्या बाकीच्या लेचोनांचे कान आणि शेपट्या तेवढ्या उरल्या होत्या.

ऊन उतरायच्या सुमाराला एस्त्रेया कानलांबोच्या धक्क्याला लागली. फेरी चुकली नव्हती. मारिवेलची बोट मारिवेलची झाली होती. लोक उतरले, मिठ्या मारल्या गेल्या, बँड धक्क्यावरच सुरू झाला. सगळं रिकामं झाल्यावर मारिवेल सुकाणूघरातून खाली आली. रात्री सणाला आलेल्या दुसऱ्या गावच्या लोकांना झोपायला याच बोटीवर जागा द्यायची होती, ते चढू लागले होते. तिने टोपी सरळ केली.

“जहाज तुमच्या हाती, चीफ.”

“घेतलं, कॅप्टन.”

ती उतरली आणि चालायला लागली. एक शब्द नाही, मागे वळून बघणं नाही. फिलोमेनो शिडीपाशी उभा राहिला. गेली सणाला, तो मनात म्हणाला. जाऊ दे, दमली असेल. सलाम तर केला आपण, आता आणखी काय पाहिजे म्हाताऱ्या तुला?  त्याने हात खिशात घातला.

मग त्याला दिसलं, की ती चर्चकडे वळली नाही. ती त्याच्याच घराच्या रस्त्याने गेली. चांगला दोन विड्या ओढण्याइतका वेळ गेला. आणि त्याच रस्त्याने दोघी परत येताना दिसल्या. पुढे सुलिंग, डोक्यावर हुंबाचं, म्हणजे डुकराच्या गोडसर रश्श्याचं पातेलं आणि हातात झावळीत बांधलेल्या भाताचा घोस. मागे मारिवेल. पट्ट्या नाहीत, टोपी नाही. फुलाफुलांचा घरातला झगा आणि पायात आईच्या रबरी चपला.

शिडीच्या पायथ्याशी ती थांबली.

“चीफ, वर यायला परवानगी आहे?”

“कोण आलंय?” फिलोमेनोने कसंबसं विचारलं.

“तुमची मुलगी.”

तिने उत्तराची वाट बघितली नाही. वर आली आणि त्याचा खिशातला हात स्वतःच ओढून बाहेर काढला. कपाळाला लावला. आणि लगेच सोडला नाही.

“सकाळीच येणार होते, तातय. पण बोट...”

“कळलं गं. तुझ्या आईने कळवलं. इस्त्री आपटून.” त्याचा आवाज फुटला. “पोरी, नाताळात मी जे बोललो ना... माडी होती पोटात. नाही, माडी नव्हती. मी जळलो होतो. चुकलं माझं.”

मारिवेलने त्याच्याकडे बघितलं. बापासारखीच खट्याळ होती, डोळे पाणावलेले आणि तरी हसणारे.

“तुम्ही खरंच बोलला होतात, तातय. आज सकाळपर्यंत माझ्या बोटीवर एक गडी कमीच होता.”

फिलोमेनोने तोंड समुद्राकडे फिरवलं. बराच वेळ त्याला बोटींचे दिवेच नीट दिसेनात.

“रडून झालं असेल तर जेवा,” सुलिंग म्हणाली. “मेटला शिडी सोडून खाली येता येत नाही म्हणून मी या वयात पातेलं घेऊन वर चढलेय. तुमचे नियम तुम्ही पाळा, गुडघे माझे मोडू देत!”

तिथेच शिडीच्या तोंडाशी, दोरांच्या वेटोळ्यावर ताटल्या ठेवून तिघं बसली. फिलोमेनोने सवयीने तिघांवरून नजर फिरवली, एक, दोन, तीन, आणि भात सोडायला घेतला.